मास्क लावला की घुसमटतं? फायरमनच्या ट्रेनिंगमध्ये बंद जागेची भीती कशी हाताळायची

फायरमन भरतीची तयारी करणारी पोरं सगळं विचारतात, धावण्याचा टायमिंग किती लागतो, दोरावर हात सोलतात त्याला काय करू, डमी उचलताना कंबर कशी सांभाळू, पण एक गोष्ट चारचौघात कुणी विचारत नाही. सगळे गेल्यावर बाजूला घेऊन हळूच सांगतात, सर मला बंद जागेत कसंतरी होतं, लिफ्ट अडकली तरी घाम फुटतो, मग माझं कसं व्हायचं. आणि दुसरी पोरं अशी की त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. लोकलच्या गर्दीत काही होत नाही, ग्राउंडवर पहिला नंबर, आणि बीए सेटच्या (ब्रीदिंग अपरेटस, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क) पहिल्या दिवशी मास्क तोंडावर बसला की हात आपोआप मास्क ओढायला जातो. मी ट्रेनी पोरापोरींना बीए सेट शिकवतो त्यामुळे हे दोन्ही प्रकार सारखे बघतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक आधीच सांगतो, बहुतेकांची ही भीती कमी होते. पण "मन घट्ट कर", "मर्दासारखा जा आत" असं म्हणून होत नाही. भीतीचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा सवयीचा करायचा, रोज थोडा थोडा. यालाच वेळ लागतो आणि म्हणूनच ट्रेनिंगला जायच्या आधीपासून सुरुवात केली तर बरं पडतं.

आणि हे करायलाच लागतं कारण आपल्या कामात बंद जागा टाळता येत नाही. जुन्या चाळींचे जिने, मॉलचं बेसमेंट, टॉवरमधला धुराने भरलेला जिना, इमारत पडली तर स्लॅबखालची फट. २०१९ च्या जुलैमध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला तेव्हा गल्ली एवढी अरुंद होती की मोठ्या गाड्या आत जाईनात, माणसांची साखळी करून हातोहात राडारोडा बाहेर काढायला लागला. अशा ठिकाणी आत गेलेला माणूस घाबरला तर तो स्वतः अडकतो आणि जोडीदारालाही अडकवतो. म्हणून भीती आहे हे ट्रेनिंगमध्ये कळलं तर चांगलंच आहे, वर्दीवर, म्हणजे खऱ्या आगीच्या कॉलवर, कळायला नको.

तुमची भीती नेमकी कुठली

आपण सरसकट "बंद जागेची भीती" म्हणतो पण त्यात दोन वेगळ्या भीती असतात. एक हवेची, म्हणजे श्वास पुरणार नाही, गुदमरणार. दुसरी अडकण्याची, म्हणजे हातपाय हलवता येणार नाहीत, बाहेर पडता येणार नाही. रॅकमन आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ही विभागणी मांडली आणि मला तरी ट्रेनिंगसाठी याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी वाटत नाही, कारण दोन्हींचा सराव वेगळा आहे. हवेची भीती असलेला ट्रेनी मास्कवर अडतो, अडकण्याची भीती असलेला मास्क मजेत लावतो पण बोगद्यात खांदे घासले की थिजतो. दोघांना एकच उपाय सांगून भागत नाही.

तुमची कुठली ते ओळखायचं असेल तर शांत बसून डोळ्यासमोर आणा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली, पंखाही गेला, पहिला विचार काय येतो? हवा संपेल, की दार उघडणार नाही? टाइट टी-शर्ट काढताना डोक्यात अडकला तर नाक झाकलंय म्हणून जीव घाबरतो की हात वर अडकलेत म्हणून? एमआरआयच्या मशीनमध्ये आडवं पडायचं म्हटलं तर? भावाने चेष्टेत गोधडीत गच्च गुंडाळून धरलं तर? उत्तरं वहीत लिहा, प्रत्येकासमोर शून्य ते शंभर मध्ये एक आकडा टाका, शून्य म्हणजे काहीच नाही आणि शंभर म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर पळावं असं वाटणं. हा आकडा पुढे लागणार आहे. काही जणांना दोन्ही भीती असतात, आणि काहींना खरा त्रास अंधाराचा असतो, तेही लिहून ठेवा.

हवेची भीती असेल तर आधी सेट समजून घ्या

ज्याला सेट आतून बाहेरून माहीत आहे त्याची अर्धी भीती तिथेच जाते, हे मी खात्रीने सांगतो. ६.८ लिटरचा कंपोझिट सिलिंडर ३०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेला असेल तर साधा गुणाकार करा, अंदाजे दोन हजार लिटर हवा तुमच्या पाठीवर आहे (प्रत्यक्षात थोडी कमी धरा, एवढ्या दाबाला हवा सरळ गुणाकाराने वागत नाही). शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा वापरतो. अंगमेहनतीचं काम करताना हिशेबाला ४० लिटर धरतात, म्हणजे साधारण ५० मिनिटं. आता घाबरून धापा टाकायला लागलात आणि वापर ८० वर गेला की तीच हवा २५ मिनिटांत संपली. सिलिंडर तोच, काम तेच. म्हणून श्वास शांत ठेवणं हे मन रमवायचं साधन नाहीये, तो हवेच्या हिशेबाचा भाग आहे. ५५ बारच्या आसपास हवा कमी झाल्याची व्हिसल वाजायला लागते तेव्हा आत अजून साडेतीनशे लिटरच्या वर हवा असते, पण ती बाहेर पडायच्या वाटेवरची नाही, ती राखीव आहे, व्हिसल वाजायच्या आधीच बाहेर असायचं असा प्लॅन ठेवायचा. तुमच्या सेंटरवर सेट वेगळा असेल, जुने स्टीलचे २०० बारवाले असतील, तर त्याचे आकडे घेऊन हाच हिशेब स्वतः कागदावर करा.

दुसरी गोष्ट पॉझिटिव्ह प्रेशर. मास्कच्या आत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवलेला असतो, त्यामुळे कडेला बारीक फट राहिली तरी आतली हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही. मास्कला जोडायचा डिमांड व्हॉल्व्ह तुम्ही ओढाल तेवढी हवा देतो. मग "हवा कमी येतेय" असं का वाटतं? बहुतेक वेळा कारण असं असतं की घाबरलेला माणूस श्वास पटापट घेत राहतो आणि पूर्ण सोडतच नाही. छाती आधीच भरलेली, त्यात नवीन हवेला जागाच नाही, आणि त्याला वाटतं सेट बिघडला. वर धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि या लक्षणांनी माणूस अजून घाबरतो. इलाज एकच, श्वास सोडा. घ्यायची काळजी करू नका, पूर्ण सोडलात की घेणं आपोआप होतं.

याचा सराव घरी रोज करायचा. नाकाने हळू श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा, आणि तोंडाने ओठ अर्धवट मिटून सोडा, सात आठपर्यंत मोजत. सोडताना घशातून बारीक "हम्म्म" आवाज काढला तर श्वास आपोआप लांबतो, बाहेरच्या देशांतले अनेक फायरफायटर हवा वाचवायला हीच युक्ती वापरतात, आणि मास्कमध्ये स्वतःचा आवाज ऐकू आला की धीरही येतो. श्वास रोखून धरायच्या भानगडीत नवीन माणसाने पडू नये, प्राणायामात कुंभक चांगलं असेल पण पाठीवर सेट घेऊन नको. बसून जमलं की चालताना करा, मग जिना चढताना, मग पाठीवर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून जिना चढताना. दम लागलेला असताना लांब श्वास सोडता आला पाहिजे, बसून तर सगळ्यांनाच जमतं.

नाकाचं हाड वाकडं असेल, सारखी सर्दी असेल, लहानपणीचा दमा असेल तर ते आधी डॉक्टरला दाखवा. पोरं महिनोन्‌महिने मनाला दोष देत बसतात आणि मूळ अडचण नाकात असते.

घरी करायचा सराव, आणि कधीच करायचं नाही ते

नियम तीन. एकावेळी एकच गोष्ट बदलायची. भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. आणि रोज थोडं करायचं, रविवारी दोन तास आणि मग आठवडाभर काही नाही असं नको.

दुसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. भीती चढते, एका टोकाला पोचते आणि तुम्ही काहीच केलं नाहीत तरी थोड्या वेळाने उतरायला लागते, शरीर तेवढ्याच जोरात फार वेळ घाबरू शकत नाही. तुम्ही नेमके टोकाला असताना बाहेर पळालात तर डोक्यात नोंद होते की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती अजून लवकर येते. थोडं थांबून, आकडा उतरल्यावर, सावकाश बाहेर आलात तर नोंद वेगळी होते. म्हणून पायरी एवढीच मोठी घ्या की तिथे थांबता येईल. आकडा पन्नास साठला असेल तर योग्य पायरी आहे, नव्वदला जात असेल तर पायरी मोठी झाली, एक खाली या, त्यात काही कमीपणा नाही.

हवेची भीती असलेल्यांनी फुल फेस हेल्मेटपासून सुरुवात करा, गाडीवरचंच, काच बंद करून घरात बसा, टीव्ही बघा, भाजी निवडा, आईने काही विचारलं तर बोला. मग त्यात साधा कापडी मास्क. मग खोलीतला दिवा बंद. अडकण्याची भीती असलेल्यांनी पलंगाखाली आडवं पडा, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत बसा, दोन टेबलं जोडून वरून चादर टाकून बोगदा करा आणि त्यातून कोपरांवर सरकत जा, मग तोच बोगदा अरुंद करा, मग मध्ये थांबा, मग पाठीवर सॅक घेऊन जा म्हणजे वरून काहीतरी घासतंय ही सवय होईल. पहिल्यांदा मोबाईलचा टॉर्च हातात ठेवलात तर चालेल, दार उघडं ठेवलंत तर चालेल, पण हळूहळू तेही सोडा नाहीतर मन त्या टॉर्चवरच विसंबून राहतं. घरातलं कुणीतरी खोलीत असू दे, आणि त्यांना सांगून ठेवा की मी म्हणेन तेव्हाच हात लावायचा, हसायचं नाही, घाई करायची नाही.

आता जे कधीच करायचं नाही. नाकातोंडावर प्लॅस्टिक, पिशवी, उशी, ओला कपडा काहीही ठेवायचं नाही. हातपाय बांधून घ्यायचे नाहीत. कडी लावलेलं कपाट, जुना फ्रीज, गाडीची डिकी, नाही. आणि सराव म्हणून मॅनहोल, विहीर, सेप्टिक टँक, पाण्याची बंद टाकी, धान्याची कोठी यात उतरायचं नाही म्हणजे नाही, कितीही उथळ दिसली तरी. तिथे ऑक्सिजन कमी असू शकतो, हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, त्याचा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो, आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसरा, मग तिसरा असे एकामागे एक लोक आपल्या राज्यात अशा टाक्यांमध्ये गेलेत. तिथली भीती ही आजार नाही, ती योग्य भीती आहे, ती ठेवायची. मित्रांनी "भीती घालवतो तुझी" म्हणून कोंडलं तर सरळ भांडा, एका फटक्यात कोंडल्याने भीती घट्ट होते.

भरती लागायच्या आधी खरा सेट बघायचा असेल तर दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत झालेल्या स्फोटात ६६ जवान गेले त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात बऱ्याच केंद्रांवर प्रात्यक्षिकं असतात. जा, जवानांना नीट विचारा, मास्क हातात घेऊन बघता येईल का. सहसा नाही म्हणत नाहीत, मनापासून शिकायला आलेल्या पोराला आमच्याकडे कुणी हाकलत नाही.

ट्रेनिंग सेंटरवर

पहिलं काम, इन्स्ट्रक्टरला सांगा. स्मोक चेंबरच्या (सरावासाठी धुराने भरायची बंद खोली) दारात उभं राहून नाही, आदल्या आठवड्यात, एकट्यात. फार भाषण लागत नाही. "सर, मास्क लावल्यावर मला घुसमटल्यासारखं होतं, मी घरी सराव करतोय, मला ड्रिलनंतर मास्कवर थोडा जादा वेळ मिळेल का?" बस. यात तीन गोष्टी आल्या, अडचण काय, तुम्ही काय करताय आणि काय हवंय. शिकवणाऱ्याच्या बाजूने सांगतो, मला आधी सांगणारा ट्रेनी जास्त भरवशाचा वाटतो, कारण हाच उद्या आत असताना "माझं गेज कमी झालंय" (गेज म्हणजे किती हवा उरलीय ते दाखवणारा काटा) हेही वेळेवर सांगेल. एखादा इन्स्ट्रक्टर उडवून लावतोही, होतं तसं, मग दुसऱ्याला सांगा, सिनियर लिडिंग फायरमनला सांगा, पण गप्प राहू नका. आणि मेडिकलच्या फॉर्मवर खोटं लिहू नका.

मास्कच्या सरावात पायऱ्या कशा ठेवायच्या ते सांगतो. सुरुवातीला डिमांड व्हॉल्व्ह न जोडता नुसता मास्क लावा, समोरचं तोंड उघडं असतं त्यामुळे बाहेरचीच हवा येते, असे मैदानात उन्हात फिरा. पट्टे आधी खालचे, मग कानशिलाचे, दोन्ही बाजू एकदम आणि मागच्या दिशेने ओढायचे. कचकचून आवळू नका, मास्क दाढेपर्यंत रुतला की घुसमट मास्कची नसते, पट्ट्याची असते. दाढी स्वच्छ केलेली हवी, मुलींनी केसाची बट किंवा क्लिप कडेखाली येत नाही ना बघायचं, सील नीट बसलं की विश्वास बसतो. मग व्हॉल्व्ह जोडा. इथे बरेच जण दचकतात, व्हॉल्व्ह खटकन बसतो आणि जोडल्यावर पहिला श्वास जोरात ओढला की फुस्स करून हवा सुरू होते, त्या मधल्या क्षणात हवा नाही असं वाटतं. त्यासाठी हा क्षणच पुन्हा पुन्हा करा. श्वास सोडत जोडायचं, बसला की ठामपणे ओढायचं, काढायचं, परत जोडायचं, हाताला सवय होईपर्यंत.

मग मास्क लावून काहीतरी काम करा, नुसते बसू नका. होज (पाण्याचा पाइप) गुंडाळा, गाठी मारा, दोघं मास्क लावून कॅरम खेळा, मी खेळायला लावतो, पहिल्या बोर्डला सगळं लक्ष श्वासाकडे असतं आणि दुसऱ्या बोर्डला राणी कुणी घेतली यावर भांडण सुरू होतं, तेव्हा समजायचं मास्क अंगवळणी पडतोय. त्यानंतर काचेवर कापड टाकून डोळे बंद करायचे पण जागा मोकळीच, मैदान. त्यानंतर चेंबर पण दिवे चालू, धूर नाही. मग अंधार. मग धूर. मग उष्णता. प्रत्येक वेळी एकच गोष्ट वाढवायची. बॅचमध्ये सगळ्यांसाठी हे शक्य नसतं, वेळ नसतो, म्हणूनच जादा वेळ मागायला सांगतोय. राज्याच्या अग्निशामक कोर्सला सहा महिने असतात, सहा महिन्यांत हे आरामात बसतं, शेवटच्या पंधरवड्यात नाही बसत.

साताऱ्याकडचा एक पोरगा होता, अंगाने पैलवान, दोर चढायला वानर. स्मोक चेंबरमध्ये वळणावर गुडघ्यावर बसला आणि उठेचना. मी मागे होतो, टॉर्च मारला तर काचेवर आतून वाफ धरलेली, श्वास सोडायच्या व्हॉल्व्हचा फडफड आवाज न थांबता चाललाय, आणि डाव्या हाताची दोन बोटं हनुवटीखालून मास्कच्या कडेत घुसायला लागलेली. त्याला स्वतःला माहीत नव्हतं बोटं कुठे आहेत. मी त्याचा तो हात धरून त्याच्याच खांद्याच्या पट्ट्यावर ठेवला आणि म्हटलं, हे धर, आणि गेज वाच. "वाच मोठ्याने." दोनशे दहा. "परत वाच." दोनशे दहा. "म्हणजे हवा आहे का?" आहे. "मग सोड श्वास, मला ऐकू येऊ दे." हम्म करून सोडला, परत सोडला, आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, सर भिंत उजवीकडे आहे. तिथून तो स्वतः बाहेर आला, पुढे तो, मागे मी.

यात जे झालं तेच तुम्हाला स्वतःसाठी करायचंय. हात मास्ककडे जातोच, त्यामुळे हाताला आधीच दुसरी जागा शिकवून ठेवा, पट्टा किंवा भिंत. धुरात मास्क काढायचा नाही, हे मनाला सांगून भागत नाही, हाताला सांगायला लागतं. आणि गेज वाचून मोठ्याने बोला, आकडा जोडीदारालाही कळतो आणि डोकंही ताळ्यावर येतं.

बोगद्यात, तारांत, फटीत

अडकण्याची भीती असलेल्यांसाठी हा खरा पेपर. खांदा घासला, सिलिंडर वर टेकला, पुढे जाईना, आणि माणूस काय करतो, जोर लावतो. जोर लावला की अजून रुततो. त्याऐवजी थांबा, एक श्वास पूर्ण सोडा (छाती खरंच कमी होते त्याने), आणि वीतभर मागे या. पुढेच जायचंय हा हट्ट सोडला की बहुतेक वेळा सुटता. मग हाताने चाचपून बघा अडकलंय काय, शरीर क्वचितच अडकतं, अडकतो तो सिलिंडरचा गळा, पट्ट्याची शेपटी, नाहीतर वायर. वायर असेल तर कुशीवर वळून हात डोक्यावरून मागे सिलिंडरच्या बाजूने पोहल्यासारखा फिरवा, वायर निसटते. फट फारच अरुंद असेल तर पट्टे सैल करून सिलिंडर एका कुशीला सरकवून जायची पद्धत आहे, ती इन्स्ट्रक्टरकडूनच, हवा न जोडता, उजेडात आधी शिका. सेट हातातून सोडायचा नाही आणि मास्क जागचा हलवायचा नाही, बाकी सगळं शिकण्यासारखं आहे.

आत असताना मनाला काम द्या. हाताला लागेल त्याचं नाव घ्या, दार, कडी, पलंगाचा पाय, गादी, खिडकी. शोध घेण्याची पद्धतही हीच आहे, भिंत धरून जायचं आणि वाटेत काय लागलं ते लक्षात ठेवायचं, आणि गंमत म्हणजे ज्याच्या डोक्यात खोलीचा नकाशा तयार होत असतो त्याच्या डोक्यात भीतीला जागा कमी उरते. परत यायची वाट कायम हाताशी हवी, भिंत, होज किंवा गाइडलाइन (वाट दाखवायला बांधलेला दोर), यातलं एक तरी. "अडकलोय" आणि "बाहेर जायची वाट मला माहीत आहे पण मी अजून आत आहे" यात फार फरक आहे. जोडीदाराशी बोलत राहा, आणि ड्रिलच्या आधी खूण ठरवा, खांद्यावर दोनदा थाप म्हणजे थांबूया, मला मिनिटभर दे. खूण ठरलेली असली की ती वापरायची वेळ कमी येते, हे मी बऱ्याच जोड्यांमध्ये पाहिलंय.

ड्रिलच्या दिवशी उपाशी जाऊ नका, गच्च जेवूनही नको. पाणी प्या. एनर्जी ड्रिंक आणि चारचार कप चहा नको, छातीत धडधड आधीच असते त्यात भर कशाला. आणि कुणी मित्राने "शांत राहायची गोळी" दिली तर अजिबात घेऊ नका, झोपाळलेल्या डोक्याने धुरात जाणं घाबरलेल्या डोक्याने जाण्यापेक्षा वाईट. डॉक्टरने कुठलं औषध आधीच चालू केलं असेल तर ते मनाने बंदही करू नका, डॉक्टरला विचारा आणि सेंटरलाही कळवा.

कधी दाखवायचं

सराव करूनही आकडे खाली येत नाहीत, बाथरूमची कडी लावायलाही भीती वाटते, ट्रेनिंगचा विचार आला तरी रात्रीची झोप जाते, मोकळ्या जागेतही अचानक छाती धडधडून मरतोय असं वाटतं, किंवा लहानपणी कुठे अडकल्याचा, पाण्यात बुडता बुडता वाचल्याचा प्रसंग परत परत डोळ्यासमोर येतो, यातलं काहीही असेल तर सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टला भेटा. वर सांगितलं तेच पायरीपायरीने सामोरं जाणं ते लोक नीट, मोजून मापून करून घेतात, त्याला एक्स्पोजर थेरपी म्हणतात आणि अशा भीतीवर ती चांगली चालते. खर्चाची किंवा कुणाला कळेल याची काळजी असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

आणि सगळं करूनही एखाद्याला नाहीच जमलं तर? आत जाणाऱ्या जवानाला बीए सेट लावायलाच लागतो, तिथे सूट नसते आणि नसावीच. पण आगीचं क्षेत्र मोठं आहे. कारखान्यात फायर सेफ्टीचं काम, इमारतींची आग प्रतिबंधक तपासणी, कंट्रोल रूम, नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजमधलं फायर इंजिनिअरिंग. या कामांनीही जीव वाचतात, आग लागायच्या आधीच वाचतात. हा निर्णय घाईत, एका वाईट ड्रिलनंतर रात्री हॉस्टेलच्या कॉटवर पडून घेऊ नका, सराव पूर्ण करून, इन्स्ट्रक्टर आणि डॉक्टर दोघांशी बोलून घ्या.

पास होऊन केंद्रावर लागलात की सराव सुटतो, हेही सांगून ठेवतो. लग्नाची महिनाभराची रजा झाली, आजारपण झालं, की भीती थोडी परत डोकं वर काढते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त परत दोन पायऱ्या खाली येऊन सुरू करायचं. ड्युटी बदलताना सेट चेक करायचाच असतो, गेज बघायचं, व्हिसल वाजवून बघायची, मास्कचं सील बघायचं. तेव्हाच मास्क लावून पाच दहा मिनिटं गाडीची बाकीची तपासणी करा, लॉकर उघडून ब्रांच (होजच्या तोंडाला लावायच्या नळ्या) मोजा, होज मोजा, आणि लॉगबुकात सही करून झाल्यावरच मास्क काढा.